आकृत्यांसाठी स्वतःचं एन्व्हायर्न्मेंट

लेटेक या दस्तऐवज-मांडणीच्या प्रणालीत टिक्झ या पॅकेजने आकृत्या काढताना प्रत्येक आकृतीत तेच ते पर्याय चिकटवत बसू नका, एकदाच न्यूएन्व्हायर्न्मेंट (स्वतःचं एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे बिगिन-एंडमधला भाग, ठरवायची आज्ञा) लिहून टाका. नावानंतर पहिल्या चौकोनी कंसात आर्ग्युमेंट (वापरताना बाहेरून दिली जाणारी मूल्यं) किती ते, दुसऱ्यात पहिल्याचं डिफॉल्ट, म्हणजे काही न दिल्यास धरलं जाणारं मूल्य. हा दुसरा कंस रिकामा असला तरी चालतो, पण गाळू नका. गाळलात की ते आर्ग्युमेंट सक्तीचं झालं.

सुरुवातीच्या भागात टिक्झपिक्चर (टिक्झचं आकृतीचं एन्व्हायर्न्मेंट) उघडताना रेषेची जाडी, रंग आधी लिहा आणि हॅश-एक (#1, म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट) सगळ्यात शेवटी, कारण नंतरचं मूल्य आधीच्याला खोडतं. स्केल, म्हणजे आकृती किती पट मोठी हे, मात्र गुणलं जातं: आत २ असताना बाहेरून ३ दिलंत तर आकृती सहापट! म्हणून मी स्केल डिफॉल्टमध्ये ठेवतच नाही.

समाप्तीच्या भागात हॅश-एक चालत नाही. आकृतीखालचा मथळा तिथे छापायचा असेल, तर त्याऐवजी न्यूडॉक्युमेंटएन्व्हायर्न्मेंट ही आज्ञा घ्या. ऑक्टोबर २०२० पासून ते लेटेकच्या गाभ्यातच आहे.