रिपोर्टवरचं 'जेनेटिक' म्हणजे आनुवंशिक का?

एका ताईंनी विचारलंय. मुलाला ऑटिझम आहे, जेनेटिक टेस्ट केली, त्यात शँक३ नावाच्या जनुकात बदल सापडला, मग आईवडील दोघांचं रक्त तपासलं तर दोघांतही तो बदल नाही. रिपोर्टवर 'जेनेटिक' लिहिलंय, दिरांनी घरात त्याचं मराठी केलं 'आनुवंशिक', आणि तेव्हापासून सासूबाई म्हणतायत की आमच्या सात पिढ्यांत असं कुणी नाही, म्हणजे हे तुमच्या माहेरून आलं. तर हा शब्द इथे बरोबर आहे का, लिहायचा कसा, अनुवांशिक की आनुवंशिक, आणि सासूबाईंना एका वाक्यात काय सांगू?

आधी लिहिण्याचं सांगतो, ते सोपं आहे. आनुवंशिक. 'इक' लागला की शब्दाचा पहिला स्वर वाढतो, समाजचं सामाजिक, अध्यात्मचं आध्यात्मिक, तसं अनुवंशचं आनुवंशिक. 'वांशिक' हा शब्द कानात बसलेला असतो म्हणून लोक त्याच्याच मागे 'अनु' जोडून अनुवांशिक करतात, पेपरातसुद्धा सर्रास दिसतं.

आता खरा प्रश्न. ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत आनुवंशिक हा शब्द चूक आहे, आणि ही चूक नुसती शुद्धलेखनाची असती तर मी एवढं लिहिलं नसतं. 'अनु' म्हणजे मागोमाग आणि वंश म्हणजे मुळात बांबू, आपल्या घराचा वासा हा शब्द त्याच वंशातून आलाय. बांबूला कसं पेरावर पेर येत जातं तशी पिढीवर पिढी. म्हणजे आनुवंशिक म्हटलं की 'मागच्या पेरातून पुढच्या पेरात आलेलं' हा अर्थ शब्दातच बसलेला आहे, तो काढता येत नाही, ऐकणारा लगेच मागे वळून बघणार की कुणाकडून आलं. सासूबाईंनी शब्दाचा अर्थ बरोबरच घेतला, शब्दच चुकीचा दिला गेला.

इंग्रजीतल्या जेनेटिकमध्ये मात्र असं काही नाही. जीन हा शब्द योहानसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये केला, त्याच्या मागे जन्माशी नातं असलेला ग्रीक धातू आहे, आपल्या संस्कृत 'जन्'चा तो सख्खा भाऊच, त्यामुळे मराठीतला 'जनुक' किती नेमका जमलाय बघा, अर्थही तोच आणि आवाजही जवळचा. जेनेटिक म्हणजे जनुकांशी संबंधित, एवढंच, म्हणजेच जनुकीय. तो बदल आईकडून आला, बाबांकडून आला की कुणाकडूनच आला नाही, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही.

आणि कुणाकडूनच न येणं हे अजिबात दुर्मीळ नाही. आपण म्हणतो आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण जनुकांच्या बाबतीत येतं. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना डीएनएची नक्कल होते, त्या नकलेत चुका राहतात, आणि तुमच्यामाझ्यासकट प्रत्येक माणसात आईवडिलांत नसलेले असे साधारण ६०-७० नवे बदल असतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही. एखादा नेमका मेंदूच्या वाढीला लागणाऱ्या जनुकात पडला तर फरक पडतो, शँक३ हे तसं जनुक आहे, चेतापेशी एकमेकींशी जिथे जोडल्या जातात तिथे त्याचं काम असतं. डॉक्टर याला डी नोव्हो म्हणतात, मराठीत मी 'नव्याने झालेला बदल' म्हणेन. वडिलांचं वय जास्त असेल तर असे बदल थोडे वाढतात हे खरंय, पण म्हणून आता बोट माहेरावरून नवऱ्याकडे वळवू नका, ही नकलेतली चूक आहे, कुणी केलेली नाही. डाऊन सिंड्रोमचंही तसंच, २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं हे १९५९ मध्येच कळलं, गोष्ट पूर्ण जनुकीय पण बहुतेक घरांत आनुवंशिक नाही.

तिसरा शब्द जन्मजात, तोही लोक यांच्यात मिसळतात. जन्मजात म्हणजे फक्त जन्मताना असलेलं. गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ बहिरं जन्माला येऊ शकतं, ते जन्मजात आहे पण जनुकीय नाही. उलट हंटिंग्टनचा आजार, ज्यात मेंदू हळूहळू बिघडत जातो, तो पक्का आनुवंशिक, पण बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसायला लागतो.

म्हणून आनुवंशिक शब्द टाकूनच द्यायचा का, तर नाही. फ्रॅजाइल एक्स नावाच्या, मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या विकारात तोच वापरायला हवा, कारण तिथे बदल आईकडून येतो, आईला स्वतःला काही त्रास नसतानाही येतो, आणि मावशीला, मामेबहिणीला वेळेत कळणं गरजेचं असतं. तिथे लाजेपोटी शब्द गिळला तर नुकसान होतं.

अजून एक गोंधळ. 'ऑटिझम किंवा स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक' असं वाचून लोकांना वाटतं मुलाला व्हायची शक्यता ८० टक्के. तसं नाही. लोकालोकांत जो फरक दिसतो त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकाचा, याचा तो समाजभराचा अंदाज आहे, एका घराबद्दल तो काही सांगत नाही. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांत एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला नसतो. आणि स्किझोफ्रेनियात हात असलेल्या डीएनएवरच्या जागा शेकडो आहेत, २०२२ च्या मोठ्या अभ्यासात २८७ मिळाल्या, प्रत्येकीचा परिणाम बारीकसा, दोन्ही घराण्यांत विखुरलेल्या. तेव्हा 'आमच्यात कुणाला नाही' यावरून तिथेही काही ठरत नाही.

सासूबाईंना सांगायला वाक्य मागितलंत ना, मी असं म्हणेन: 'आई, हा बदल जनुकातला आहे पण घराण्यातला नाही, तुमच्याकडूनही नाही आणि माझ्याकडूनही नाही, तो याच्यातच पहिल्यांदा झालाय.' दिरांनाही हेच वाक्य द्या, सगळ्यांना सांगणारे तेच आहेत. फक्त दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जेनेटिक कौन्सिलरला आधी भेटा, कारण रक्तात न दिसणारा बदल क्वचित कधी आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत असू शकतो.