‘बोहेमियन रॅप्सडी’तला कोरस कोणाचा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्यातल्या मधल्या, ऑपेरासारख्या भागासाठी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने बाहेरून कोरस बोलावला होता का, १९७५ साली कंप्युटर नसताना एवढा जमाव टेपवर आणला कसा, आणि स्टेजवर ते हा भाग कसा गायचे. पहिल्याचं उत्तर लगेच देतो. बाहेरचं कोणीही नव्हतं. गायक आणि पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, एवढे तीनच गळे. बास गिटार वाजवणारा जॉन डीकन या कोरसमध्ये गायलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी टेप कशी चालते ते आधी सांगायला हवं. मी ऐंशीच्या दशकात मुंबईत एका लहान स्टुडिओत स्पूलवर, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळांवर, काम केलंय, ब्लेडने टेप तिरकी कापून पुन्हा चिकटवलीय, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवत नाही. मल्टिट्रॅक टेप दोन इंच रुंद असते आणि तिच्यावर शेजारीशेजारी चोवीस पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज भरता येतो, आधीचे आवाज हेडफोनवर ऐकत. आपल्याकडे तेव्हा सिनेमाची गाणी बहुतेक एकदमच व्हायची: गायक, व्हायोलिनचा ताफा, ढोलकी, सगळे एका वेळी, आणि एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. क्वीनची पद्धत याच्या अगदी उलट होती.

पण चोवीस पट्ट्या म्हणजे फार नाहीत. पियानो, बास, ड्रम्स, गिटार यांनीच बरीच जागा खाल्ली, तर गळ्यांना उरतं काय? म्हणून ते ‘बाउन्स’ करत. समजा एक ओळ तिघांनी मिळून एका सुरात गायली, पुन्हा गायली, पुन्हा गायली. या तीन पट्ट्या एकत्र करून चौथीवर उतरवायच्या आणि आधीच्या तीन पुसून मोकळ्या करायच्या. मग वरचा सूर, मग खालचा, प्रत्येकाला हाच प्रकार. मग हे गठ्ठेसुद्धा एकत्र करायचे. एकदा एकत्र केलं की त्यातला एखादा आवाज नंतर कमी-जास्त करता येत नाही, म्हणजे निर्णय तिथल्या तिथे आणि कायमचा. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि आवाजातली वरची चमक कमी होते. ऑपेरात सुमारे १८० वेळा आवाजावर आवाज चढवले गेले. आज कंप्युटरवर हजार ट्रॅक ठेवून शेवटच्या दिवसापर्यंत मन बदलता येतं. तेव्हा पुढचं सगळं आधी डोक्यात ऐकू यावं लागे, आणि फ्रेडीला ते ऐकू येत होतं. माझ्या मते या गाण्यातली सर्वांत मोठी करामत तीच आहे.

तिघांचे गळे एकमेकांना पूरक होते हे नशीब. मेचा आवाज खालच्या सुरांत भरीव, फ्रेडीचा मधल्या सुरांत धारदार, आणि टेलर ड्रम्स वाजवणारा असूनही त्याचा खोटा आवाज (फॉल्सेटो) कुठल्या कुठे चढायचा. ऑपेरात ‘गॅलिलिओ’ या शब्दाची जी वरची हाक आहे ती त्याची, खालची फ्रेडीची. ऑपेराच्या शेवटी जो सूर छताला जाऊन टेकतो, तोही टेलरचाच. गाण्याच्या अगदी सुरुवातीचा, वाद्यांशिवायचा स्वरमेळ मात्र एकट्या फ्रेडीने स्वतःवर स्वतःचे थर चढवून केलाय. व्हिडिओत चौघांचे चेहरे ओठ हलवताना दिसतात, त्याने फसू नका.

काम सुरू झालं ते १९७५च्या ऑगस्टमध्ये, वेल्समधल्या मनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. निर्माता रॉय थॉमस बेकर, ध्वनिमुद्रक माइक स्टोन. पियानो, बास आणि ड्रम्स आधी झाले. ऑपेरासाठी सुरुवातीला थोडीशीच कोरी टेप सोडलेली होती, कारण तो लहानसा तुकडा असेल असंच सगळ्यांना वाटत होतं. फ्रेडी रोज येऊन आणखी काही ‘गॅलिलिओ’ घालायचा आणि बेकर टेपचा आणखी एक तुकडा चिकटवायचा. शेवटी टेप फिरताना जोडांच्या पट्ट्या झेब्रा क्रॉसिंगसारख्या सरसर जाताना दिसायच्या, असं बेकरनेच पुढे सांगितलंय. मेने सांगितलेली आठवण तर मला अंगावर काटा आणणारी वाटते: टेप मशीनच्या हेडवरून (आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावरून) इतक्या वेळा गेली होती की तिच्यावरचा थर झिजला आणि ती उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं. ज्याने टेप हाताळलीय त्याला यातली भीती कळेल. तो तपकिरी थर म्हणजेच गाणं. तो गेला की मागे नुसतं प्लॅस्टिक.

गिटारचा सोलो याच्या नेमका विरुद्ध टोकाचा: एकच पट्टी, कसलेही थर नाहीत. मेने गाण्याची चाल तशीच गिटारवर वाजवायला नकार देऊन तिला जोड म्हणून दुसरीच छोटी धून बांधली. ऑपेरानंतरचा दणदणीत रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) मात्र मेचा नाही. फ्रेडीने तो पियानोवर रचला, त्यामुळे गिटारवादकाच्या बोटांना तो अवघड जातो. रिफ बसवताना तुमची बोटं अडखळली तर दोष बोटांचा नव्हे.

कोणीतरी हमखास विचारेल म्हणून सांगतो, होय, फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. तिथेच तो पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवायचा. त्यावरून ऑपेरात येणाऱ्या ‘बिस्मिल्ला’ या शब्दाचा उगम थेट पाचगणीत शोधू नये. गाण्याचा अर्थ त्याने शेवटपर्यंत उलगडून सांगितला नाही, आणि मला तेच योग्य वाटतं.

पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, ही शंका केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर दोन दिवसांत चौदा वेळा वाजवून मिटवली. ३१ ऑक्टोबरला ते बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आता तिसरा प्रश्न. झिजलेल्या टेपवरचा तो जमाव चौघांनी स्टेजवर कसा उभा करायचा? त्यांनी तसा प्रयत्नच केला नाही. सोलो संपला की ते आत निघून जात, रिकाम्या स्टेजवर दिव्यांचा खेळ चाले आणि ऑपेरा टेपवरूनच वाजे. टेलरचा तो शेवटचा सूर आला की दिवे लखकन पेटत आणि चौघे रिफ वाजवत बाहेर येत.