गोल्फ उजव्या हाताने खेळतो, मग डावा खांदा का दुखतो? त्यात कुठले स्नायू काम करतात?

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेताना तुमचा डावा हात छातीवरून आडवा जातो आणि आतल्या बाजूला वळतो. या स्थितीत सांध्याच्या पुढच्या भागावर दाब येतो, मागची बाजू ताणली जाते. म्हणून दुखणं बहुतेकदा डावीकडेच. उजवा हात त्या वेळी बाहेरच्या बाजूला फिरत असतो. तिथे सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस हे रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे, स्नायू हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात.

क्लब खाली आणताना जोर लावतात ते छातीचा पेक्टोरॅलिस मेजर, पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी आणि फऱ्याच्या आतल्या बाजूचा सबस्कॅप्युलॅरिस. डावीकडचा सबस्कॅप्युलॅरिस तर जवळजवळ पूर्ण स्विंगभर, म्हणजे क्लब फिरवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, राबतो. जिममध्ये सगळे खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या मागे लागतात, पण गोल्फमध्ये त्याचं काम फारच कमी.

आणि मुख्य म्हणजे कंबर. मालवणात किंवा देवबागच्या खाडीत पाग (हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं) टाकणारा माणूस नीट बघा: आधी पाय रोवतो, कमरेतून वळतो, हात सगळ्यात शेवटी सुटतो. स्विंगही तसाच हवा. कंबर आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल, तर उरलेलं वळण खांद्यालाच भरून काढावं लागतं.

कोपर कुशीला चिकटवून, रबर बँड धरून हात हळू बाहेर फिरवायचा व्यायाम करा. दुखत असेल तर ओढूनताणून मात्र नको. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल किंवा हात वर जात नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.