ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेला कुणी एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, खरोखर मोठा खेळाडू झाला आहे का?

झालाय. मला विचाराल तर पहिलं नाव जिम स्टाइन्सचं.

डब्लिनचा हा मुलगा. 1984 मध्ये डब्लिनच्या कुमार संघाकडून गेलिक फुटबॉलचं, म्हणजे आयर्लंडच्या आपल्या फुटबॉलचं, ऑल-आयर्लंड विजेतेपद जिंकला आणि त्याच वर्षी मेलबर्न क्लबची जाहिरात पाहून, अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात आला. प्रशिक्षक रॉन बरासी यांची ही कल्पना: गेलिक खेळाडूंना लंबगोल चेंडू शिकवायचा. गेलिकचा चेंडू गोल. लंबगोल चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उसळेल, याचा नेम नाही. लहानपणापासूनची सवय मोडून तो नव्याने शिकावा लागला.

1987 मध्ये तो पहिल्या संघात आला. आणि त्याच वर्षी घोळ झाला. मेलबर्न 1964 नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचलं होतं. हॉथॉर्न क्लबविरुद्ध प्रिलिमिनरी फायनलचे, म्हणजे उपांत्य सामन्याचे, शेवटचे क्षण, मेलबर्न पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोल बराच लांब होता. तेवढ्यात स्टाइन्स त्याच्यासमोरून आडवा पळाला. नियमाने हे चालत नाही, म्हणून पंचांनी बकेनाराला 15 मीटर पुढे आणलं. सामना संपल्याचा सायरन वाजल्यावर बकेनाराने गोल मारला. मेलबर्न दोन गुणांनी हरलं, ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, हुकली. असं काही झाल्यावर बरेच जण गाशा गुंडाळून घरी गेले असते.

हा मात्र थांबला, आणि 1991 मध्ये ब्राउनलो पदक जिंकला. हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतं. तो खेळायचा रकमन म्हणून, म्हणजे पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच गडी. उंची सुमारे दोन मीटर, पण पळायचा मात्र मधल्या फळीतल्या चपळ पोरांसारखा. रकमन मंडळी सहसा इतकी पळत नसत. हा गेलिकचा वारसा.

तरी माझ्या मते खरा विक्रम पदकाचा नाही, सलग 244 सामन्यांचा आहे. 1987 ते 1998, एकही सामना चुकवला नाही! अंगावर पॅड नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि रकमन तर दर वेळी समोरच्याच्या गुडघ्यावरच आदळतो. शेवटी हाताचं हाड मोडलं तेव्हा ही साखळी तुटली. त्याच वर्षी 264 सामन्यांवर तो निवृत्त झाला.

ग्रँड फायनल जिंकणं मात्र त्याच्या नशिबात नव्हतं. 1988 मध्ये पोहोचले, तर हॉथॉर्ननेच 96 गुणांनी धुतलं.