बल्ब बदलत बसू नको, आधी रेग्युलेटर बघ

भावा, तुझ्या दुचाकीच्या हेडलाईटचा महिन्यात तिसरा बल्ब उडायलाय म्हंजे दोष बल्बात नाही. उडालेला बल्ब हातात घेऊन बघ, काच काळी पडली असंल तर व्होल्टेज जास्त जात असण्याची शक्यता, काच साफ अन् फिलामेंट (आतली तार) तुटलेलं असंल तर बहुतेक आपल्या बीडकडच्या खड्ड्यांची कृपा, होल्डर ढिला असंल. मल्टिमीटर बॅटरीला लाव, गाडी चालू करून रेस दे, साडेचौदा व्होल्टच्या आसपास थांबलं तर ठीक, 15 च्या वर पळालं की रेग्युलेटरवर (व्होल्टेज आवरणारा भाग) संशय घे, पण लगेच नवा आणू नको, आधी त्याचं अर्थिंग (बॉडीला जोडलेली वायर) बघ, माझ्या गाडीत नुसता अर्थिंगचा बोल्ट गंजला होता, पॉलिश पेपरनं घासला अन् फुकटात काम झालं राव. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसतोच, एसीवर (इंजिनातून थेट येणाऱ्या एसी करंटवर) चालतो, तिथं मीटर एसीला ठेवून होल्डरवरच बघ. अन् हॅलोजनच्या काचेला बोट लावू नको बरं का.