भाट, मिंधा की सामील?

प्रश्न असा आहे की स्टालिनच्या आणि त्याच्यानंतरच्या काळात सत्तेच्या बाजूने राहिलेल्या सोव्हिएत लेखकांवर लेख लिहायचाय, तर त्यांना सरसकट 'भाट' म्हटलं तर चालेल का, की 'लाचार' बरा? माझ्या मते दोन्ही नको.

भाट म्हणजे स्तुती गाणारा. स्टालिनवर कवनं रचणारे होतेच, त्यांना खुशाल भाट म्हणा. पण बाकीच्या कितीतरी जणांचं प्रकरण वेगळं होतं. १९३२ साली कम्युनिस्ट पक्षाने साहित्यिकांच्या सगळ्या संघटना बरखास्त केल्या, १९३४ ला एकमेव लेखक संघाचं पहिलं अधिवेशन भरलं आणि मग राहायला फ्लॅट, मॉस्कोजवळ पेरेदेल्किनो या लेखकांच्या वसाहतीत दाचा (सुट्टीतलं घर), आजारपणात सॅनिटोरियम, अडीनडीला पैसे, सगळं संघ आणि त्याच्या लिटफंडाकडूनच, म्हणजे लेखकांच्या मदतनिधीकडूनच, यायला लागलं. याला मराठीत नेमका शब्द आहे, 'मिंधा'. 'मी कुणाचा मिंधा नाही' म्हणतो तेव्हा आपण स्तुतीबद्दल बोलतच नसतो, कुणाकडून काय घेतलंय याबद्दल बोलत असतो. भाटाला तोंड उघडावं लागतं, मिंधा गप्प बसूनही मिंधाच राहतो.

आता १९५८ बघा. कवी-कादंबरीकार बोरिस पास्तरनाकला नोबेल जाहीर झालं, आणि 'डॉक्टर झिवागो' ही कादंबरी इटलीत छापून आणली म्हणून चारच दिवसांत त्याला लेखक संघातून काढलं. ३१ ऑक्टोबरला मॉस्कोतल्या लेखकांची सभा झाली, एकामागून एक वक्ते उठून त्याच्यावर तुटून पडले, त्याचं नागरिकत्वच काढून घ्या अशी मागणी झाली, आणि ती कादंबरी देशात छापलेलीसुद्धा नव्हती! न वाचता असं बोलणं म्हणजे वरच्यांची 'री ओढणं', दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

पण त्याच सभेत बोरिस स्लुत्स्कीपण बोलला. युद्धात लढलेला, चांगला कवी, स्टालिनविरुद्ध कविता लिहिलेला माणूस. भाषण छोटंसंच होतं पण ते त्याला जन्मभर सलत राहिलं. त्याला भाट म्हणणं अन्याय आहे, आणि 'लाचार' म्हटलं की आपण कीव करून त्याला सोडून देतो, तेही मला पटत नाही. मी 'सामील' म्हणेन. सामील म्हटलं की का झाला हा प्रश्न उघडा राहतो, भीतीने असेल, हिशोबाने असेल, पण झाला एवढं पक्कं.

अजून एक, 'सही केली' हे क्रियापद जपून वापरा. १९३७ मधे तुखाचेव्हस्की आणि इतर लष्करी अधिकाऱ्यांना गोळ्या घाला अशा पत्रावर पास्तरनाकने सही करायला साफ नकार दिला होता, बायको गरोदर असताना, आणि तरी पेपरात त्याचं नाव छापून आलं. नुसती छापील यादी हाताशी असेल तर 'यांची नावं छापली गेली' एवढंच लिहा.