यूसी बर्कलीकडून मुलाला पुरवणी प्रश्नावली आली आहे. हे नकाराचं लक्षण समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की मुलाने नोव्हेंबरअखेर यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज भरला आणि आता तिच्या बर्कली कॅम्पसकडून त्याला आणखी एक प्रश्नावली आली आहे. हा नकार आहे का, आणि उत्तरं तुम्हीच लिहून दिलीत तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आमच्याकडे लेकीच्या बारावीच्या वर्षी, जानेवारीत, असाच मेल आला होता. त्या रात्री आम्ही नवराबायको धड झोपलो नव्हतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो मेल पुन्हा नीट वाचा. यूसीकडून या दिवसांत दोन वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक असते पडताळणी. अर्जात लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा, समजा नोकरीचा किंवा स्वयंसेवेचा, पुरावा मागतात. त्यासाठी अर्ज यादृच्छिक पद्धतीने निवडतात, म्हणजे तुमच्या मुलावर कुणाचा संशय आहे असं नाही. पण त्याला उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होतो. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या कॅम्पसने स्वतःहून पाठवलेली प्रश्नावली. तुमच्या वर्णनावरून तुमची ही दुसरीच दिसते. अर्जदाराच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथेही तेच दिसतंय ना, एवढं बघून घ्या.

आता ही कुणाला पाठवतात? ज्यांचा अर्ज काठावर आहे, पण वाचणाऱ्याला चित्र अपुरं वाटतंय, अशांना. यूसीच्या नियमांप्रमाणे एका कॅम्पसला जास्तीत जास्त १५ टक्के अर्जदारांचं असं वाढीव वाचन करता येतं. काहींना प्रश्नावली येते, काहींकडे बारावीच्या पहिल्या सत्राचे ग्रेड मागतात, काहींकडे दोनपर्यंत शिफारसपत्रं. म्हणजे नकार ठरलेला असता तर विचारलंच नसतं, आणि प्रवेश ठरलेला असता तरीही विचारायची गरज नव्हती. अर्ज अजून टेबलावर उघडा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्यासारख्या पालकांना हे पचायला जड जातं. आपण बोर्डाचे टक्के, सीईटी, कट-ऑफ यात वाढलो. यादी लागली, नाव आहे किंवा नाही, विषय संपला. इथे बर्कलीकडे पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास अर्ज येतात. यूसी २०२१ पासून एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण बघत नाही, एरवी शिफारसपत्रं घेत नाही, मुलाखतही घेत नाही. हाती असतात ग्रेड, उपक्रमांची यादी आणि प्रत्येकी ३५० शब्दांची चार उत्तरं. त्यात जे आलं नाही ते वाचणाऱ्याच्या लेखी घडलेलंच नसतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सांगितलं की हे फक्त आशियाई मुलांना अडवायला पाठवतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव २०९’ या कायद्याने बंदी आहे. त्या चर्चेत एक संध्याकाळसुद्धा घालवू नका.

आमच्या लेकीच्या बाबतीत चित्र अपुरं का राहिलं, हे मला ठाऊक होतं. ते मीच अपुरं ठेवायला लावलं होतं.

ती अकरावीत असताना ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा अडखळायला लागली. आम्हा दोघांच्या नोकऱ्या, त्यात माझी नवीन. लेक साडेतीनला शाळेतून यायची आणि मी घरी पोचेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, आजी तिच्या ताब्यात. थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे ती आजीकडून राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकून घ्यायची, एकेक, चिमटीने. बोलण्याच्या सरावासाठी तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मीठ, साखर, हळद. तिला स्वतःला मराठी लिहिता येत नव्हतं, फोनमध्ये बघून तिने ती अक्षरं गिरवली होती. त्या सत्रात केमिस्ट्रीत ‘सी’ आला आणि रोबोटिक्स सुटलं.

अर्ज भरताना तिने विचारलं, हे लिहू का? मी म्हटलं, घरातलं घरात राहू दे, परक्यांपुढे आजारपणं कशाला मांडायची? तिने शेवटच्या मोकळ्या चौकटीत ‘घरच्या जबाबदाऱ्यांमुळे’ असे दोन शब्द टाकले आणि पुढे गेली. विद्यापीठाने नेमकं याच्याबद्दलच विचारलं होतं, असं मला आजही वाटतं. एरवी सगळे ‘ए’, मध्येच एक खड्डा आणि त्याचं कारण दोन शब्दांत. वाचणाऱ्याने थांबून विचारलं, यात त्याचं काय चुकलं?

पहिला मसुदा तिने लिहिला तो वाचून मला रडू आलं, पण तो चांगला नव्हता. सेवेने मला करुणा शिकवली, संकटांनी मला घडवलं, असली वाक्यं. कुणाच्याही अर्जात चिकटवावीत अशी. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने तो सासूबाईंना मराठीत सांगितला. त्या बराच वेळ शब्द जुळवत बसल्या आणि म्हणाल्या, “राजमा... नाही लिहिला?” मग लेकीने सगळं खोडलं. कधीपासून कधीपर्यंत, रोज किती वाजता, काय करायची, कुठला विषय का मागे पडला, मार्चमध्ये आजी स्वतः चमचा धरायला लागल्यावर दुसऱ्या सत्रात ग्रेड कसे वर आले. वाट्या आल्या, चिठ्ठ्या आल्या. विशेषण एकही नव्हतं. मी फक्त तारखा तपासल्या.

म्हणून तुम्ही लिहून देऊ नका, असं सांगतेय. ते गैर आहे हे तर आहेच. पण सतरा वर्षांच्या मुलाला काय आठवतं ते आपल्याला माहीत नसतं. मला चिठ्ठ्या आठवत होत्या, राजमा मी विसरले होते. तुम्ही बसून त्याच्याशी बोला, तुम्हाला आठवतं ते सांगा, आणि मग उठून दुसऱ्या खोलीत जा. त्याने आधी चार उत्तरांत जे लिहिलंय तेच पुन्हा पाठवू नये, ते त्यांनी वाचलेलं आहे. अडचण सांगायची नसेल, सांगण्यासारखी नसेल, तर उगाच शोधून काढू नका. काही मुलांचं एखादं वेगळं काम अर्जात एका ओळीत संपलेलं असतं, ते खुलवून सांगायलाही हीच जागा आहे. शाळेत एखादा विषय शिकवतच नसतील तर तेही लिहावं. आणि शिफारसपत्र मागितलं असेल तर ज्या शिक्षकाने त्या काळात मुलाला जवळून पाहिलं त्यालाच विचारा, नावाजलेल्या ओळखीच्या माणसाला नको. शिक्षकाला हाताशी आठवडाभर तरी मिळेल असं बघा.

निकालाचं विचाराल, तर मार्चअखेर बर्कलीचा नकार आला आणि यूसीच्याच डेव्हिस कॅम्पसला प्रवेश मिळाला. उत्तरांचा उपयोग झाला की नाही, हे कुणी कळवत नाही. लेक आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. तो मजकूर तिने जपून ठेवलाय, सासूबाईंनी तिच्याकडून तो दोनदा वाचून घेतला.

तुमच्या मेलमध्ये मुदत दिलेली असेल. आम्हाला दोनेक आठवडे होते, त्यातले चार दिवस मी ‘याचा अर्थ काय’ यातच घालवले. मुलाला आज रात्रीच विचारा, अर्जात काय लिहायचं राहिलं असं त्याला स्वतःला वाटतंय.